एक गळा, दोन गाणी

माझे माहेर गिरगावातले, सासरही गिरगावातच. तेव्हा ‘ऑपेरा हाऊस’ हा शब्द मी बहुधा बाराखडीच्या आधी शिकले असेन. पण ऑपेरा हा गाण्याचा एक प्रकार आहे, तो वर्षानुवर्षे शिकावा लागतो आणि त्यावरून एका मराठी घरात महिनाभर धुसफूस चालू शकते, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली!

आमच्या लेखी ऑपेरा हाऊस म्हणजे बसचा स्टॉप. हिऱ्यांच्या दलालांची गर्दी, नाक्यावरची वाहने, आणि ती जुनी देखणी इमारत. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाने तिचे उद्‌घाटन केले आणि पुढच्या वर्षी बांधकाम पुरे झाले, असे वडील सांगत. मी पाहिली ती सिनेमाचे थिएटर म्हणूनच. पुढे १९९३ च्या सुमारास तिची दारे बंद झाली आणि २०१६ मध्ये नटूनथटून पुन्हा उघडली. उघडल्यावर पहिल्या कार्यक्रमात पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. मूळच्या मुंबईच्या, लंडनला जाऊन ऑपेरात नाव काढलेल्या. ही बातमी मी पेपरात वाचली होती. वाचली, आणि त्याच पेपरावर कोथिंबीर निवडायला घेतली! आपल्याला त्या बातमीशी पुढे काही कर्तव्य असेल असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते.

माझी धाकटी लेक रॉक गाते. दिवसा नोकरी, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी चार मुलांबरोबर तालीम. दोन गिटारवाले, एक जाड तारांची बेस गिटार वाजवणारा, एक ड्रमवाला आणि मध्ये आमचे कन्यारत्न. लहानपणी मी तिला पेटीपुढे बसवून ‘सा’ लावायला शिकवत असे. तीन महिन्यांत तिने पेटी सोडली ती सोडलीच. मग एकदम कॉलेजात असताना कळले की ही गाते. पहिल्यांदा ऐकायला गेले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला वाटले हिला कोणीतरी मारते आहे. हळूहळू कान सरावला. तिच्या आवाजात खाली एक खर आहे. जुन्या पाट्यावर चटणी वाटताना येतो तसा. वर जाताना तो आवाज फाटेल की काय असे वाटते, आणि फाटत नाही. तिथेच ऐकणारी मुले टाळ्या पिटतात. आपल्याला कळो न कळो, लोकांना काहीतरी मिळते आहे एवढे समजत होते.

तरी लग्नकार्यात कोणी विचारले, “धाकटी गाते म्हणे? काय गाते, नाट्यसंगीत?” की मी पदर सावरीत म्हणायची, “पाश्चात्य.” एवढेच. पुढचा शब्द मी गिळून टाकीत असे.

गेल्या पावसाळ्यात परळच्या बाजूला एका ठिकाणी त्यांचा कार्यक्रम होता. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्या पायाशी एक लहान स्पीकर ठेवतात. तिथल्या माणसाने तो लावलाच नाही. “चालतंय की,” म्हणाला. मागे ड्रम, दोन्ही बाजूंना गिटार आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. मग काय होणार? सव्वा तास ही जिवाच्या आकांताने गायली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागायला तोंड उघडले तर नुसती हवा. आठ दिवसांनी आवाज आला, पण भोक पडलेल्या बाजाच्या पेटीसारखा. वरचे दोन स्वर तर निघेनातच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर आम्हांला आतले दाखवले. आई म्हणून मी तिचे काय काय पाहिले असेल, पण तिचा आवाज कधी पाहिला नव्हता. दोन पांढरट पट्ट्या, श्वास घेताना उघडणाऱ्या, ‘ई’ म्हणताना मिटणाऱ्या. बायकांच्या त्या जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब असतात. पाश्चात्य वाद्ये ज्या स्वराला जुळवतात तो स्वर लावला की त्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आपटतात. तिच्या त्या पट्ट्यांवर समोरासमोर दोन बारीक उंचवटे आले होते.

“घट्टे समजा,” डॉक्टर म्हणाले.

मला चटकन माझ्या आजीचे तळहात आठवले. जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे. हात लावला तर खरखरीत, पण तिला दुखत नसत. लेकीचे मात्र घशात पडले होते, आणि ते दोन पट्ट्यांना नीट मिटू देत नव्हते. मधल्या फटीतून ती हवा येत होती.

ऑपरेशनची घाई करायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बहुतेक वेळा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने हे घट्टे ओसरतात. ते व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही तीन महिने जात होतो. तिथे काही गोष्टी मला अगदी नव्याने कळल्या. आपल्या शिक्षिका मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते, कारण त्या बाईंकडे येणाऱ्यांत गाणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्याच जास्त होत्या. घसा बसला की आपण कुजबुजत बोलतो ना, त्याने आराम मिळत नाही, उलट ताणच पडतो. बोलायचे तर हळू पण मोकळ्या आवाजात, नाहीतर गप्प बसायचे. सारखे खाकरायचे नाही. खाकरणे म्हणजे त्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटणेच. वाटलेच तर घोटभर पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा. पाणी दिवसभर थोडे थोडे. रात्री उशिरा तिखट-तळकट खाऊन लगेच आडवे व्हायचे नाही, पोटातले आंबट वर घशापर्यंत येते. आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात हाका मारायच्या नाहीत! हे शेवटचे लेकीसाठी होते, पण बघत बाई माझ्याकडे होत्या.

घट्टे ओसरले. आवाज परत आला. आणि शेवटच्या दिवशी त्या बाई म्हणाल्या, “आता हिला गायला शिकवा. जशी गात होती तशीच पुन्हा गायला लागली, तर वर्षाच्या आत पुन्हा माझ्याकडे येईल.” वांद्र्याला पाश्चात्य शास्त्रीय गायन शिकवणाऱ्या एक वयस्क बाई आहेत, ऑपेराच्या अंगाचे शिकवतात, त्यांचे नाव त्यांनी सुचवले.

झाले! घरात महाभारत सुरू झाले.

सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी. त्यांचे म्हणणे सरळ होते. “गळा कमवायचा तर पहाटे उठून खर्ज लाव म्हणावं. आपल्याकडे काय कमी आहे म्हणून त्या वरच्या किंकाळ्या शिकायच्या?” ह्यांचे म्हणणे वेळेचे. नोकरी, तालीम आणि वर वांद्र्याची खेप, मग मुलगी झोपणार केव्हा? बँडमधली मुले घरी आली, पोह्यांच्या बशा हातात घेऊन गंभीरपणे बसली. ड्रमवाला म्हणाला, “काकू, राग मानू नका, पण ही ऑपेरा शिकली ना, तर आमच्या गाण्यात टपरीवर झुंबर लावल्यासारखं वाटेल.” मी हसले, पण तो खरे तेच बोलत होता.

लेक गप्प होती. रात्री भांडी विसळताना म्हणाली, “आई, मला भीती वाटते. आवाज राहील, पण तो माझा राहील का?”

आणि मी? मी मात्र एका पायावर तयार होते. बाईंचा फोन नंबर मी त्याच दिवशी डायरीत लिहून घेतला होता. एवढी घाई मला का झाली होती, ते मी पुढे सांगणार आहे. त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट.

मी सतराव्या वर्षी गात होते. गणेशोत्सवात आमच्या वाडीत माझी भावगीते ठरलेली असत. गोड गळा म्हणून नाव होते. वडिलांनी एका गुरुजींकडे नेले. गुरुजी मोठे, शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, दोन वर्षे भावगीत ओठांवर आणायचे नाही. सकाळी खर्ज, मग आकारात पलटे, एकच राग. मी शब्द पाळला. त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. दमसास वाढला, स्वर बसला. पण दोन वर्षांनी वाडीत गायला उभी राहिले तेव्हा शब्दांपाशी थांबायचे मी विसरूनच गेले होते. जिथे नुसते म्हणायचे तिथे मी सूर लांबवीत होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “छान झालं हो, पण पूर्वीसारखं नाही.” पुढे तेविसाव्या वर्षी लग्न, मुले, सासऱ्यांचे आजारपण. ख्याल पिकायला लागते तितकी वर्षे मी दिली नाहीत आणि भावगीत हातचे गेलेले. तानपुरा अजून कपाटावर आहे, गवसणी घालून.

म्हणून लेकीची भीती मला कळत होती. कळत असून मी तिला ढकलत होते. याला काय म्हणावे?

ती स्वतः मात्र नुसती घाबरून बसली नव्हती. दुपारी जेवणे झाली की सुट्टीच्या दिवशी मला शेजारी बसवून ती एकेकीचे गाणे ऐकवू लागली. अमेरिकेतली पॅट बेनाटार शाळेत असताना ऑपेराच्या गळ्यासाठी शिकली, पण पुढे तो रस्ता सोडून रॉककडे गेली. रॉक गाण्यासाठी तिला ओळीने चार ग्रॅमी मिळाली. ऐकताना तिच्या पायाखालची फरशी कशी पक्की आहे ते मला पेटी न घेताही कळत होते, आणि तरी ऑपेराचा मागमूस नव्हता. फिनलंडची तार्या टुरुनेन बरोबर उलटी. ती शास्त्रीय शिकलेला तो गोल, भरदार आवाज तसाच्या तसा घेऊन नाइटविश नावाच्या बँडच्या गिटारींवर उभी राहिली. तो बँड १९९६ मध्ये निघाला, २००५ पर्यंत ती त्यात होती. तिचे ऐकून मला अंगावर काटा आला. लेक म्हणाली, “सुंदर आहे. पण माझी गाणी ही नव्हेत.”

मग लिंडा रॉनस्टॅट. ही तर नावाजलेली रॉक गायिका. ती १९८४ मध्ये न्यूयॉर्कला चक्क पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरात मिमीची भूमिका गायली. समीक्षकांनी हात राखूनच लिहिले. पण त्याने तिचे आधीचे गाणे बिघडले असे काही झाले नाही. ती पुन्हा आपल्या गाण्याकडे आली, मेक्सिकन लोकगीतेही गायली. तिचा आवाज गेला तो पुढे मेंदूच्या आजाराने. गाता येत नाही असे तिने २०१३ मध्ये सांगितले. ते ऐकून आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

सासूबाई आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेल्या असत. झोपल्या आहेत असे आम्हांला वाटे. एकदा लेकीने फ्रेडी मर्क्युरीचे लावले. मूळचा फारुख बलसारा, झांजिबारच्या पारशी घरातला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला.

“म्हणजे आपल्या पाचगणीचा?” खुर्चीतून आवाज आला.

“हो आजी. तिथंच पियानो शिकला आणि तिथंच पहिला बँड काढला.”

“मग जरा मोठं कर की.”

त्याच्याही घशात असेच घट्टे होते, १९७५ मध्ये त्यापायी अमेरिकेतले काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. पुढे १९८७ मध्ये तो ऑपेरातल्या मोंसेरात काबाये यांच्याबरोबर गायला, त्यांच्या बार्सिलोना गावावरचे गाणे. मी ते तीन वेळा ऐकले. काबायेबाई ऑपेरा गातात आणि हा त्याचेच गातो. तिच्यासारखे गायचा आव आणत नाही. मग दोघे एकत्र येतात तेव्हा कुठे शिवण दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, “बाई मोठी आहे. आणि त्या पोराला भीती नाही.” मला वाटते, त्या दिवशी त्यांचा विरोध मावळला, पण त्यांनी तसे बोलून दाखवले नाही. त्या कधीच दाखवत नाहीत.

त्या रात्री मला मोगूबाई आणि किशोरीताई आठवल्या. १९६४ च्या एका हिंदी चित्रपटासाठी किशोरीताई गायल्या, तेव्हा मोगूबाईंना ते रुचले नव्हते, हे गाण्यातल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. आईला वाटणारच. पण मोगूबाईंनी स्वतः जन्मभर गाऊन, हाल सोसून ते म्हणायचा हक्क मिळवला होता. मी कशाच्या जोरावर लेकीला सांगत होते की हे गा आणि ते गाऊ नकोस? गवसणी घातलेल्या तानपुऱ्याच्या?

आणि तेव्हा मला माझी घाई उमगली. मला तिच्या गळ्याची काळजी होती हे खरेच. पण तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. ‘लेक ऑपेरा शिकते’ हे वाक्य मला लग्नकार्यात म्हणायचे होते. पदर न सावरता! त्यात ‘शास्त्रीय’ हा शब्द येतो, त्यात बादशहाच्या हातच्या उद्‌घाटनाचा मान येतो. रॉकवर इस्त्री फिरवून तिला बाहेर न्यायचे होते मला. लाज वाटली हो. सकाळी उठून लेकीला म्हटले, “तुला जायचं असेल तर जाऊ. नको असेल तर तो नंबर मी खोडते.”

ती म्हणाली, “एकदा जाऊन विचारू तरी.”

वांद्र्याच्या त्या बाई सत्तरीच्या पुढच्या. जुन्या बैठ्या घरातला पियानो, त्यावर क्रोशाचे विणकाम, खिडकीत तुळशीशेजारी जिरेनियम. मराठी अगदी घरगुती, कोकणीच्या वळणाचे. लेक म्हणाली, “मिस, काय गाऊ?” त्या म्हणाल्या, “तुझं जे आहे ते.” लेक रॉक गायली, माइक नाही, ड्रम नाही, त्या एवढ्याशा खोलीत. बाईंनी डोळे मिटून ऐकले. मग पियानोवर पाच स्वर वाजवून ‘आ’ म्हणायला लावले, एक एक पायरी वर चढवत. एका जागी आवाज अडखळला आणि लेकीने जोर लावला.

“थांब. इथंच तुझा घसा बिघडला,” बाई म्हणाल्या. “खालचा जाड आवाज तू जिन्यावरून पिंप ओढत नेल्यासारखा वर नेतेस.”

मग त्यांनी आम्हांला बसवून चहा दिला आणि जे सांगितले ते मी आल्या आल्या वहीत लिहून ठेवले. ऑपेरा जन्मला तेव्हा माइक नव्हता. आजही ऑपेराच्या गायिकेला साठ-सत्तर वादकांच्या पलीकडे, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचे असते. त्यासाठी तोंडाची पोकळी मोठी करायची, स्वर गोल करायचे, आवाजाला अशी चकाकी आणायची की तो वाद्यांच्या आवाजातल्या फटीतून नेमका पुढे निघेल. ते साधताना वरच्या पट्टीत शब्द थोडे पुसट होतात, त्याला इलाज नाही. रॉकचे सगळे उलटे. तिथे माइक ओठांशी. शब्द तिखट हवा, बोलल्यासारखा हवा, श्वास आणि खरखरसुद्धा ऐकू यायला हवी. “हे दोन्ही एका तोंडात एकदम राहत नाहीत,” बाई म्हणाल्या. “ऑपेराचा आवाज घेऊन रॉक गायलीस तर लोक हसतील. आणि मी तुला ऑपेरा गायिका करते असं सांगितलं तर मी खोटं बोलेन. त्याला आठ-दहा वर्षं जातात, इटालियन-जर्मन भाषा शिकाव्या लागतात. तुझं वय गेलेलं नाही, ते गळे उशिराच पिकतात. पण तुला ते हवंय का?”

लेक म्हणाली, “नाही. मला माझीच गाणी गायची आहेत. साठ वर्षांची होईपर्यंत.”

“मग माझ्याकडून एवढंच ने,” म्हणून त्यांनी बोटे मोजली. श्वास कसा घ्यायचा आणि कसा धरून ठेवायचा. खालच्या आवाजातून वरच्या आवाजात उडी न मारता कसे जायचे. गाण्याआधी गळा गरम कसा करायचा आणि नंतर निववायचा कसा. आणि थांबायचे केव्हा. “घोगरा आवाज, आरोळी, ते मला शिकवता येत नाही. तो प्रकार पट्ट्यांच्या वरच्या भागातून, पट्ट्या न खरवडता काढणारे असतात. ते शिकवणारे निराळे, ते तू शोध. मात्र घसा जरा जरी खाजला, तर ते चुकतंय असं समज.”

आमच्या गुरुजींनी मला हे विचारले असते तर? ‘तुला काय गायचंय?’ हा प्रश्न त्या काळी कोणी सतरा वर्षांच्या मुलीला विचारत नसे. जाऊ दे.

निघताना बाईंनी मला विचारले, “तुम्ही गाता ना? हिच्या गाण्याबरोबर तुमचा श्वास चालला होता.” मी नाही म्हटले. लेकीने माझ्याकडे पाहिले.

सहा महिन्यांचे ठरले. शनिवारी सकाळी एक तास, म्हणजे ह्यांच्या झोपेच्या हिशेबालाही धक्का नाही. बँडच्या तालमी चालूच राहतील, दोन वर्षे काही सोडायचे वगैरे नाही, असे लेकीने पहिल्याच दिवशी सांगितले आणि बाईंनी मान डोलावली. घरात मात्र नवे आवाज सुरू झाले. ओठ सैल मिटून ‘फुर्रर्र’ करत वरखाली जायचे. कुकर शिट्टीच्या आधी फुरफुरतो ना, तसे. एका काडीसारख्या नळीतून हुंकार काढायचा. जमिनीवर उताणे पडून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचे आणि श्वासाबरोबर ते वर जाते का पाहायचे. पुस्तक कुठले, तर माझे पाककृतींचे! सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी याला प्राणायाम म्हणत.” पण रोज सकाळी त्याच तिला हाक मारून उठवू लागल्या.

सगळे सुरळीत झाले असे नाही. तिसऱ्या महिन्यात ड्रमवाला कुरकुरला, आणि त्याचे खरे होते. तिच्या एका गाण्याची सुरुवात अगदी खालून, त्या पाट्याच्या खरेवर होती. ती खर गुळगुळीत झाली होती. मलाही जाणवले. स्वर नेमका, पण कोणीतरी पाटा टाकवून घेण्याऐवजी घासून लख्ख केलेला. लेक दोन दिवस घुश्शात होती. बाईंना तिने सरळ सांगितले. बाई म्हणाल्या, “माझा तास शनिवारी संपतो. इथला गोल ‘आ’ इथंच ठेवून जा.” ते काही लगेच जमत नाही. जुने रेकॉर्डिंग लावून, आरशात तोंड बघत, ती स्वतःचाच आवाज पुन्हा शिकत बसली होती. ते बघताना मला माझी वाडी आठवली, आणि आपण निदान असे बसून पाहायला हवे होते असे वाटले. अजूनही त्या गाण्यात पूर्वीचे सगळे परत आलेले नाही. ती म्हणते, आले आहे. मी आई आहे, मला ऐकू येते.

मागच्या महिन्यात त्यांचा मोठा कार्यक्रम झाला. या वेळी पायाशीचा स्पीकर लावल्याशिवाय उभीच राहणार नाही, असे तिने आधीच बजावले होते. आम्ही सगळे गेलो. सासूबाई कानात कापूस घालून, पण पहिल्या रांगेत. ती वर गेली, जिथे पूर्वी माझा जीव मुठीत येई तिथे, आणि त्या जागेवरून सहज पुढे निघून गेली. खाली आल्यावर पुन्हा तीच, आमची. मुलांनी टाळ्या पिटल्या, हे मला चिमटा काढून म्हणाले, “तूपण श्वास घे आता.”

सहा गाणी ठरली होती. पाचव्यानंतर ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि माइक गिटारवाल्या मुलाच्या हातात दिला. लोक ओरडत होते, “अजून एक!” तिने हसून हात जोडले आणि आत गेली.

घरी येताना टॅक्सीत सासूबाईंनी विचारले, “शेवटचं का गं नाही म्हटलंस?”

“आजी, घसा खाजायला लागला होता.”

“शहाणी आहेस,” म्हणून त्यांनी कानातला कापूस काढला. “सोमवारी तुझ्या आईचा तो तानपुरा खाली काढ. तारा बदलून आणायच्या आहेत.”